रिसेप्टरवरची गोळी पाच रुपयांना, रिसेप्टरवरचंच इंजेक्शन हजारोंना. असं का?

तासगावची_फार्मासिस्ट

नमस्कार मंडळी. तासगावात माझं औषधाचं दुकान आहे. डी. फार्म. करून काउंटरला उभी राहिले ती अजून उभीच आहे. प्रश्न मुलीमुळे निघाला. ती बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला सेमिनारला विषय मिळालाय, पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर (निरोप घेणारी प्रथिनं) आणि नवीन औषधं. मला म्हणाली, आई, तुझ्या रॅकमधली रिसेप्टरवाली औषधं जरा वेगळी काढ.

काढली. मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन, सिट्रिझिन, मॉन्टेलुकास्ट, ओंडान्सेट्रॉन, क्लोपिडोग्रेल, प्राझोसिन, फॅमोटिडिन, साल्ब्युटामॉलचा पंप, फ्रिजमधलं इन्सुलिन. काउंटर भरला की! मागे उरलं काय, तर पॅन्टोप्राझोल, कोलेस्टेरॉलची गोळी, अँटिबायोटिक, अम्लोडिपिन, पॅरासिटामॉल, थायरॉइडची बाटली आणि टॉनिकं. टॉनिक कशावर जाऊन बसतं ते विचारू नका, ते गिऱ्हाइकाच्या खिशावर बसतं.

आता शंका. पेशीच्या आत एवढा मोठा कारभार चालतो, मग औषध शोधणारे सगळे बाहेरच्या रिसेप्टरच्याच मागे का?

दुसरी शंका माझी नाही, एका गिऱ्हाइकाच्या मुलाची. त्याच्या आईला छातीच्या कॅन्सरसाठी मिरजेत ट्रास्टुझुमॅब चालू आहे. तो म्हणाला, "काकू, हे पण रिसेप्टरवरच बसतं म्हणता, मग तुमच्या बीपीच्या गोळीसारखं पाच रुपयांना का मिळत नाही?" मी "ते वेगळं असतं रे" एवढंच म्हणून वेळ मारून नेली.

तिसरी शंका जरा गंभीर आहे. मागे एक आजोबा हात थरथरतात म्हणून शेजाऱ्याच्या प्रोप्रॅनोलॉलचं रिकामं पाकीट घेऊन आले, "हीच द्या." त्याच आजोबांना मी दर महिन्याला दम्याचा पंप देते. गोळी दिली नाही, डॉक्टरांना फोन लावला. पण नंतर डोक्यात आलं, पंप ज्या रिसेप्टरला चालना देतो त्यालाच ही गोळी दाबून धरते. एकच रिसेप्टर अंगात दहा ठिकाणी असेल, तर नवीन औषधानं नेमकी हवी तीच जागा गाठायची कशी?

कुलूप-किल्लीचं उदाहरण मुलीच्या पुस्तकात आहे, ते सोडून सांगा.

कोयनाकाठ

ताई, अर्धं सेमिनार तुम्ही काउंटरवरच मांडून ठेवलंय. पुण्यात औषध संशोधनाच्या एका प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, आता कराडला असतो. जमेल तसं सांगतो.

बाहेरच्या रिसेप्टरच्या मागे का? कारण तिथं पोचायला औषधाला पेशीत शिरावं लागत नाही. पेशीभोवतीचा पडदा चरबीचा असतो, पाण्यात विरघळणारे रेणू त्यातून सहज जात नाहीत. ॲड्रेनॅलिन, हिस्टामिन, इन्सुलिन हे शरीराचे स्वतःचे निरोपसुद्धा दारातच दिले जातात, आतली हालचाल रिसेप्टर घडवून आणतो. शरीरानं जी जागा निरोप घ्यायला राखून ठेवलीय तिथंच औषधानं बोलावं हे सोयीचं. पण रिसेप्टर म्हणजे बाहेरचाच असं मुलीला लिहू देऊ नका. प्रेडनिसोलोन किंवा पंपातलं ब्युडेसोनाइड ही स्टिरॉइडं. असं औषध चरबीत विरघळतं, पडदा ओलांडतं, आणि त्याचा रिसेप्टर पेशीच्या आत असतो. तुम्ही मागे ठेवलेली थायरॉइडची बाटलीही त्याच गटातली.

तुमच्या काउंटरवरच्या बहुतेक औषधांचे रिसेप्टर एकाच मोठ्या घराण्यातले आहेत, जीपीसीआर. प्रथिनाचा एकच धागा पडद्यातून सात वेळा आरपार जातो, ही त्यांची ओळख. माणसात त्यांची सुमारे ८०० जनुकं आहेत, त्यातली जवळपास निम्मी नुसती वास ओळखण्यासाठी. मान्यता मिळालेल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश या एका घराण्यावर काम करतात. ओंडान्सेट्रॉन आणि इन्सुलिन मात्र या घराण्यातले नाहीत. ओंडान्सेट्रॉनचा रिसेप्टर स्वतःच आयनांची (विद्युतभार असलेल्या कणांची) वाट आहे, आणि इन्सुलिनच्या रिसेप्टरच्या आतल्या टोकाला एन्झाइम जोडलेलं आहे.

इतिहास थोडा सांगतो, कारण त्यातच तुमच्या आजोबांचं उत्तर आहे. १९०५ च्या सुमारास केंब्रिजला लँगली यांनी निकोटिन आणि क्युरारे (बाणाला लावायचं विष) स्नायूवर वापरून पाहिलं. स्नायूची नस मेलेली असली तरी निकोटिननं तो आखडतो आणि क्युरारेनं सैल पडतो. म्हणजे औषध नसेवर नाही, स्नायूवरच्याच कुठल्या तरी पदार्थावर बसत असणार. रिसेप्टर ही कल्पना अशी आली, डोळ्यांनी न पाहता. मग १९४८ मध्ये अमेरिकेत आल्क्विस्ट यांनी मांडलं की ॲड्रेनॅलिनचे रिसेप्टर दोन जातींचे असले पाहिजेत, अल्फा आणि बीटा. निबंध एका नामांकित नियतकालिकानं परत पाठवला, दुसरीकडे छापून आला आणि बरीच वर्षं फारसा कुणी वाचला नाही. जेम्स ब्लॅक यांनी वाचला. छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या हृदयाला जास्त प्राणवायू कसा द्यायचा याच्या मागे सगळे होते. यांनी उलटा विचार केला, हृदयाची मागणीच कमी करू. बीटा अडवला आणि त्यातून प्रोप्रॅनोलॉल आलं. नंतर याच गृहस्थांनी पोटातला हिस्टामिनचा दुसरा रिसेप्टर धरला, सिमेटिडिन काढलं, तुमच्या फॅमोटिडिनचं ते थोरलं भावंड. १९८८ ला नोबेल.

आता आजोबा. बीटाचेही प्रकार निघाले. बीटा-१ मुख्यतः हृदयात, बीटा-२ श्वासनलिकांत. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही दाबतं, म्हणून दमेकऱ्याला घातक. तुम्ही अडवलंत ते योग्यच झालं. मेटोप्रोलॉलचा ओढा बीटा-१ कडे आहे, पण तो ओढाच. डोस वाढला की बीटा-२ लाही ते सोडत नाही. कारण ॲड्रेनॅलिन ज्या खोबणीत बसतं ती दोघांत जवळजवळ सारखी आहे. मुलीच्या विषयातलं ‘नवीन’ ते इथून सुरू होतं. २००७ मध्ये कोबिल्का आणि सहकाऱ्यांनी बीटा-२ ची त्रिमितीय रचना मिळवली. चरबीच्या पडद्यातून बाहेर काढला की हा रिसेप्टर विस्कटतो, म्हणून एवढी वर्षं लागली. २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि लेफकोविट्झ यांना. रचना दिसल्यावर कळलं की मुख्य खोबण सोडून बाजूलाही खाचा आहेत आणि त्या प्रत्येक प्रकारात वेगळ्या आहेत. त्या खाचेत बसणारा रेणू शोधला तर एकालाच गाठता येतं. ‘नेमकी जागा कशी गाठायची’ याला आज लोक करत असलेलं एक उत्तर हे.

आणि चालू-बंद एवढंच नसतं. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं समजा: काही औषधं पूर्ण पाचवर नेतात, काही दोनच्या पुढं जाऊच देत नाहीत. ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक ओपिऑइड रिसेप्टरवर (मॉर्फिन बसतं त्याच) असं अर्धवट काम करतं, म्हणून श्वास मंदावण्याचा धोका मॉर्फिनपेक्षा कमी राहतो.

किमतीचं सांगतो. मेटोप्रोलॉलचा रेणुभार २६७. रसायनांच्या भांड्यात बनतं, पेटंट कधीच संपलं, बनवणारे ढीगभर. ट्रास्टुझुमॅबचा रेणुभार दीड लाखाच्या घरात. हे भांड्यात बनत नाही, जिवंत पेशींकडून बनवून घ्यावं लागतं. हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशी टाक्यांत वाढवतात, त्या ही अँटिबॉडी (नेमक्या जागी चिकटणारं मोठं प्रथिन) सोडतात, मग ती गाळून शुद्ध करायची. प्रत्येक बॅचमध्ये रेणूवरची साखर तशीच आली का तेही तपासायचं. गोळीची नक्कल करणाऱ्याला रेणू तोच आहे आणि रक्तात तेवढाच पोचतो एवढं दाखवून भागतं, इथं तेवढ्यावर भागत नाही. मूळ औषध अमेरिकेत १९९८ ला आलं, भारतीय बनावटीचं २०१४ ला बाजारात आलं, तेव्हापासून किंमत उतरलीय. पाच रुपयांना ते कधीच मिळणार नाही.

ता. क. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) सेमिनारमध्ये घ्याच. औषधाला १९९७ ला मान्यता मिळाली आणि ते ज्यावर बसतं तो रिसेप्टर, पी-टू-वाय-१२, नीट ओळखला गेला २००१ मध्ये. तीन-चार वर्षं जगभर लोक पत्ता माहीत नसलेल्या ठिकाणी गोळी पाठवत होते, आणि पोचत होती.

तासगावची_फार्मासिस्ट

दादा, मुलीनं वाचलं आणि लगेच वहीत उतरवून घेतलं. माझं शेपूट अजून शिल्लक आहे. वजन कमी करायची एक गोळी आली होती, रिमोनाबँट. ‘रिसेप्टर अडवते, भूकच लागत नाही’ असं एमआर (कंपनीचा प्रतिनिधी) सांगायचा. २००९ च्या अखेरीला बंदी आली, माल परत पाठवला. रिसेप्टर बरोबर होता ना? मग चुकलं कुठं? आणि आता ही आठवड्याची इंजेक्शनं आली आहेत तीही भूक कमी करतात, तीही रिसेप्टरवरच. गिऱ्हाइकं विचारतात, ही पण बंद होणार का म्हणून.

कोयनाकाठ

रिसेप्टर बरोबर, जागा अडचणीची. रिमोनाबँट अडवायचं तो रिसेप्टर, सीबी-१, मेंदूत भुकेच्या ठिकाणी आहे तसा मनःस्थितीच्या ठिकाणीही आहे. तो अडवला की वजन उतरायचं आणि काही रुग्णांना नैराश्य यायचं, आत्महत्येचे विचार यायचे. युरोपनं २००८ मध्येच थांबवलं होतं. औषधानं ठरवलेलं काम अचूक केलं आणि तरी ते गेलं, हे मुलीनं ठळक लिहावं. नवीन टार्गेट सापडलं की टाळ्या वाजवणाऱ्यांना मी हेच विचारतो: हा रिसेप्टर अंगात आणखी कुठं कुठं आहे, यादी दाखवा.

आठवड्याच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी. ते जीएलपी-१ च्या रिसेप्टरला चालना देतं, अडवत नाही. जेवल्यावर आतड्यातून सुटणारं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं. अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालीच्या लाळेत त्याच्यासारखाच पण टिकाऊ पदार्थ सापडला, त्यातून २००५ मध्ये एक्झेनाटाइड आलं. सेमाग्लुटाइडला चरबीची शेपटी जोडलीय, ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, म्हणून आठवडाभर पुरतं. टिर्झेपाटाइड दोन रिसेप्टरांवर काम करतं. मळमळ, उलट्या होतात, कारण तोच रिसेप्टर मेंदूत आणि पोटाशी जोडलेल्या नसांवरही आहे. मधुमेहात या वर्गाचा अनुभव वीस वर्षांचा आहे, रिमोनाबँटला तेवढं आयुष्यच मिळालं नाही. तरी चिठ्ठीशिवाय देऊ नका.

माणदेशी_म्हातारा

दहिवडीकडचा निवृत्त डॉक्टर. इथं सगळे नवीन रिसेप्टर, नवीन रेणू म्हणतायत. ताईंनी काउंटरवर प्राझोसिन ठेवलं आणि कुणी त्याच्याकडं बघितलं पण नाही, म्हणून लिहितोय.

लाल विंचू चावलेलं पोर आणायचे तेव्हा आमच्या हातात काही नसायचं. घामानं चिंब, उलट्या, हातपाय बर्फासारखे, बीपी वर. काही तासांनी दम लागायचा आणि तोंडाला गुलाबी फेस. विष नसांवरच्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं, अंगात ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या भावंडांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार पडतो, फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विचार केला की हा पूर अल्फा-१ रिसेप्टरवर धडकतोय, आणि अल्फा-१ अडवणारी बीपीची गोळी बाजारात आहेच. ती प्राझोसिन. १९८६ ला त्यांचं काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. कोकणात आणि इकडं घाटावरही मृत्यू चांगलेच घटले. पुढं २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस (प्रतिविष) दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ ला पद्मश्री मिळाली, उशिरानं.

नवा रेणू नाही, नवा रिसेप्टर नाही, करोडोंचा प्रकल्प नाही. रोग्याच्या उशाशी बसून कोणता रिसेप्टर झोडपला जातोय एवढं ओळखलं. डोस मुद्दाम लिहीत नाही, विंचू चावला की दवाखाना गाठा.

तुमच्याकडं द्राक्षाला फवारणी करणाऱ्यांचंही तेच. ऑर्गनोफॉस्फेट हे कीटकनाशक अंगात गेलं की ॲसिटिलकोलिन (नसांचा निरोप नेणारा रेणू) मोडणारं एन्झाइम बंद पडतं आणि ते साचतं. आपण ॲट्रोपिन देतो ते विषाला हात लावत नाही, फक्त मस्कॅरिनिक रिसेप्टरवर बसून साचलेल्या ॲसिटिलकोलिनला तिथं येऊ देत नाही. म्हणून लाळ, घाम, छातीतली घरघर थांबते. स्नायूंवरचे रिसेप्टर निकोटिनिक, त्यांना ॲट्रोपिन ओळखत नाही. घरच्यांना वाटतं पेशंट सुधारला, घेऊन जाऊ का. आणि त्याच रात्री छातीचे स्नायू थकून त्याला व्हेंटिलेटर लागतो. फवारणीच्या दिवसांत काउंटरवर एवढं सांगत जा.

बत्तीस_शिराळा

विंचवाचा मान झाला, आता आमच्या नागाचाही होऊ द्या! नागाच्या विषातले छोटे रेणू स्नायूवरच्या त्याच निकोटिनिक रिसेप्टरवर ठाण मांडतात, म्हणून पापण्या जड होतात आणि श्वास बंद पडतो. तैवानमधल्या मण्यारीच्या विषातून १९६३ मध्ये असाच एक रेणू वेगळा काढला, तो सोडता सुटत नाही इतका घट्ट धरतो. १९७० च्या आसपास शास्त्रज्ञांनी त्याचाच गळ केला आणि विजेच्या ईल माशातून रिसेप्टर पहिल्यांदा बाहेर ओढून हातात घेतला. लँगलींनी न पाहता मांडलेला तो हाच.

दवाखान्यात नागदंशाला लसीबरोबर निओस्टिग्मिन देऊन बघतात, ॲसिटिलकोलिन वाढवून विषाला रेटायला. आपल्याकडची मण्यार चावली तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिचं विष मुख्यतः नसेचं टोकच निकामी करतं, निरोप सुटतच नाही. लसीला पर्याय नाही, हे पुन्हा सांगतो.

मिरज_स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजीत काम करते, मिरजेत. ट्रास्टुझुमॅबवाल्या काकूंच्या मुलासाठी लिहिते.

ट्रास्टुझुमॅब ज्यावर बसतं तो हर-२ हा रिसेप्टर निरोगी पेशीवरही असतो, थोडा. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांत त्याच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात आणि पेशीच्या कडेला त्याची दाटी होते. आम्ही गाठीचा काप रंगवतो. कडा गडद, पूर्ण तपकिरी दिसली तर ३+. धूसर असेल तर २+, मग फिश तपासणीत जनुकाच्या प्रती मोजतात. ० आणि १+ ला पूर्वी ‘हर-२ निगेटिव्ह’ म्हणून विषय संपायचा. आता संपत नाही. अँटिबॉडीला केमोचं औषध बांधलेली एक नवी जात आली आहे, ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान. तिच्यासाठी रिसेप्टर हा फक्त पत्ता: पेशी तो अँटिबॉडीसकट आत ओढते आणि विष आत सुटतं. २०२२ मध्ये अमेरिकेत तिला पसरलेल्या कॅन्सरमधल्या थोड्या हर-२ वाल्या गाठींसाठीही मान्यता मिळाली. त्यामुळे १+ की ० यावर आता आम्ही दोघी-दोघी बसून वाद घालतो.

आणि एक जिव्हाळ्याची गोष्ट, गावाकडच्या दवाखान्यांसाठी. काढलेली गाठ कधी कोरड्या डबीत येते, कधी सलाईनमध्ये. तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (गाठ टिकवणाऱ्या द्रावणात) गेली पाहिजे आणि तिथं ६ ते ७२ तास राहिली पाहिजे, नाहीतर रंग खोटा येतो. लाखोंचं औषध द्यायचं की नाही ते या डबीवर ठरतं हो! ताई, तुमच्याकडं कुणी ‘गाठ मिरजेला न्यायचीय’ म्हणत आलं तर डबीत काय आहे ते विचारा.

तासगावची_फार्मासिस्ट

विचारीन. तो मुलगा आज परत आला होता. विचारत होता, आईचं हृदय चांगलं आहे, मग दर तीन महिन्यांनी इको कशाला? खर्च वाढवतात म्हणतो. दुसरं मुलीचं: ज्यांच्यावर नैसर्गिक काय येऊन बसतं हेच माहीत नाही असे रिसेप्टर किती आहेत, आणि त्यांच्यावर औषध शोधता येतं का?

मिरज_स्लाइडवाली

इको टाळू नका म्हणावं. हृदयाच्या स्नायूलाही हर-२ लागतो, ताण सोसायला. तो अडवला की काहींचं पंपिंग कमी होतं, आणि पेशंटला त्रास जाणवायच्या आधी ते इकोत दिसतं. वेळेत दिसलं तर औषध थांबवतात, बहुतेकांचं हृदय पूर्वपदावर येतं, आणि मग पुन्हा चालू करता येतं का ते डॉक्टर ठरवतात. केमोत आधी लाल रंगाचं इंजेक्शन (डॉक्सोरुबिसिन, तेही हृदयाला जड जातं) झालं असेल तर आणखीच जपायचं.

कोयनाकाठ

जीपीसीआरमध्ये असे बेवारस रिसेप्टर अजून शंभराच्या आसपास आहेत, वासाचे सोडून. आणि मुलीला सांगा, उदाहरण तिच्यासमोरच आहे. हर-२ वर नैसर्गिकरीत्या काही येऊन बसतं असं आजतागायत सापडलेलं नाही. तो शेजारच्या भावंड-रिसेप्टरशी जोडी जमवून काम करतो. ट्रास्टुझुमॅब त्याच्या पडद्यालगतच्या भागावर बसतं आणि पर्टुझुमॅब ही हर-२ वरचीच दुसरी अँटिबॉडी जोडी जमते त्या भागावर, म्हणून दोन्ही एकाच वेळी देता येतात.